तोफेचं पथ्य

“मनःशांती ना? आठ दिवसांत आणून दाखवते!” असं तिने दवाखान्याच्या पायरीवरच जाहीर केलं, आणि तेही इतक्या मोठ्याने, की समोर सायकलमध्ये हवा भरणारा माणूस पंप हातात धरून तसाच उभा राहिला.

तिला ऑफिसात सगळे तोफ म्हणत. आपण हे तिच्या पाठीमागे म्हणतो, असा त्यांचा समज होता. तिला ते पक्कं ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांच्या घरी माल पाठवण्याचं खातं तिच्याकडे होतं. कुठला सोफा कुठल्या ट्रकात चढवायचा, कुठलं कपाट कुणाच्या दारात उतरवायचं, आणि ते दारातून आत गेलं नाही तर कुणी कुणावर ओरडायचं, हे सगळं ती एका टेबलावरून, दोन फोन आणि एका गळ्याच्या जोरावर सांभाळायची. समोरच्याचा प्रश्न निम्मा होण्याआधी तिचं उत्तर सुटलेलं असायचं. ते भलत्याच प्रश्नाचं असलं तरी काही बिघडत नसे. समोरचा मुकाट्याने आपला प्रश्न बदलून घ्यायचा!

पण अलीकडे तोफ तापायला लागली होती. झोप उडाली. डोकं ठणकायचं. पलंगाचे पाय पलंगाबरोबरच येतात, वेगळे मागवावे लागत नाहीत, हे एका गिऱ्हाइकाला चौथ्यांदा समजावताना तर तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. म्हणून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाल्या, “शरीर ठणठणीत आहे. मनाला मात्र तुम्ही टेकायला जागाच ठेवलेली नाही.”

मग त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. रोज अर्धा तास चाला. वेळेवर झोपा. झोपण्याआधी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहून काढा. आणि कुणालाही उत्तर देण्याआधी मनातल्या मनात दहापर्यंत मोजा.

तिने घरी जाता जाता हिशेब केला. चालायला वेळ नव्हता. झोप आपल्या हातात नव्हती. तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या तर आधी त्या घडायला हव्यात! राहता राहिलं मोजणं. त्यात काय अवघड आहे? पहिलीतली पोरंसुद्धा मोजतात!

दुसऱ्या दिवशी सकाळी पथ्य सुरू झालं.

तिचा नवरा वाचनालयात कामाला होता. ‘शांतता राखा’ अशा पाटीखाली वीस-बावीस वर्षं बसून बिचारा स्वतःच त्या पाटीसारखा झाला होता. सकाळी तो स्वयंपाकघरात हातात पातेलं घेऊन उभा होता. त्याने विचारलं, “अगं, तुझाही चहा टाकू का?”

उत्तर तिच्या ओठांवर आलंच होतं. तिने ते आवंढ्यासारखं गिळलं आणि त्याच्याकडे रोखून बघत मोजायला लागली. एक… दोन… तीन… चारला नवऱ्याची चुळबुळ सुरू झाली. पाचला त्याने खिडकीबाहेर पाहिलं. सहाला त्याने पातेलं खाली ठेवलं.

“बरं, सांगतो,” तो म्हणाला. “ती निळी कुंडी मांजराने नव्हती पाडली. मी पाडली. पडदा सारताना कोपर लागलं.”

तिचं मोजणं सातावरच अडकलं. निळी कुंडी! दोन वर्षांपूर्वी त्या कुंडीपायी तिने शेजारणीवर आणि शेजारणीच्या मांजरावर गॅलरीतून अशी काही सरबत्ती केली होती, की तेव्हापासून शेजारीण बोलत नव्हती आणि मांजरही जाताना मान दुसरीकडे वळवून जायचं. तिने कसेबसे आठ, नऊ, दहा उरकले.

“टाका,” ती म्हणाली. “चहा.”

ऑफिसात पोचेपर्यंत तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. गप्प बसलं की माणसं बोलतात! इतकी वर्षं आपण उगाच घसा फोडला!

टेबलाशी बसते न बसते तोच फोन वाजला. पलीकडे काडी होता. काडी म्हणजे त्यांच्याकडचा सगळ्यात जाडा ट्रकवाला.

“ताई, कपाट जिन्यात अडकलंय. ना वर जातंय ना खाली येतंय. वरच्या मजल्यावरचे आजोबा पलीकडे अडकलेत, त्यांना दूध आणायला जायचंय. काय करू?”

एक… दोन… तीन…

“ताई? ऐकताय ना?”

चार… पाच…

“ताई, तुम्हाला कळलं वाटतं,” काडीचा आवाज एकदम पडला. “आरशाचं. ताई, शपथेवर सांगतो, तो दुकानातून फुटलेला नव्हता आला. उतरवताना माझ्याच हातून सुटला. आणि डेंटिस्टकडच्या खुर्च्या सुताराकडे गेल्यात. आणि सुताराकडच्या डेंटिस्टकडे. ते दोघंही काही बोलले नाहीत म्हणून मीही बोललो नाही. आणि परवा तुम्ही फोन केलात तेव्हा मी रस्त्यात अडकलो नव्हतो ताई, झोपलो होतो. गिऱ्हाइकाच्याच गादीवर!”

दहा सेकंदांत तीन गुन्हे! पोलिसांनासुद्धा इतका वेग जमत नाही. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. या नादात जिन्यातल्या कपाटाचं उत्तर द्यायचं राहिलं, आणि आजोबांनी शेवटी कपाटाची दारं उघडून, आतून वाट काढून, मागची फळी ढकलून दूध आणलं, असं तिला दुपारी कळलं.

तोवर साहेब येऊन टेबलापाशी उभे राहिले होते. “या रविवारी तुम्हाला यावं लागेल,” ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला हे आता जमायला लागलं होतं.

“म्हणजे अर्धाच दिवस,” चारला साहेब म्हणाले. सहाला म्हणाले, “नाहीतर राहू दे. मीच येईन.” आठला त्यांनी कपाळ पुसलं. “हे बघा, तुमची ती खुर्ची दुरुस्तीला गेलेली नाही. माझ्या केबिनमध्ये आहे. पाठदुखीमुळे घेतली. उद्या सकाळी परत करतो, पण आता असं बघू नका!”

चार महिने ती एका हलत्या स्टुलावर बसून पन्नास खुर्च्या रोज गावभर पाठवत होती!

पहिला दिवस असा झकास गेला. संध्याकाळी ती घरी गेली ती जणू किल्ला जिंकून. पण खरी गोष्ट कानावर पडली की ती निस्तरावीही लागते, हे तिच्या लक्षात यायला दुसरा दिवस उजाडला. आरशाच्या मालकिणीला फोन. डेंटिस्टला फोन. सुताराला फोन, त्याला त्या खुर्च्या इतक्या आवडल्या होत्या, की तो परत द्यायलाच तयार होईना. त्याचं म्हणणं, डेंटिस्टने आपल्या ठेवून घ्याव्यात! काडीने ही बातमी बाकीच्या ट्रकवाल्यांना सांगितली: ताईंना सगळं कळलंय, त्या फक्त आपण स्वतः कधी सांगतोय याची वाट बघताहेत. मग काय, रांग लागली! ज्याला काही सांगायचं नव्हतं तोही बाकीच्यांबरोबर उभा राहून काहीतरी आठवायला लागला. बुधवारपर्यंत वहीत एकोणीस कबुलीजबाब झाले.

आणि कुंडीचं काय? तेही तिलाच निस्तरायचं होतं. तिने मन घट्ट करून शेजारणीची बेल वाजवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. शेजारणीने शांतपणे ऐकून घेतलं.

“माझी माफी नको,” शेजारीण म्हणाली. “त्याची मागा. मनाला लावून घेतलंय त्याने.” आणि तिने मांजराला उचलून उंबऱ्यावर आणून ठेवलं.

एरवी अशा वेळी तोफेने काय केलं असतं ते सांगायला नको. पण पथ्य म्हणजे पथ्य! तिने दहा मोजले, वाकली आणि म्हणाली, “चूक झाली माझी.” मांजराने जांभई दिली. नेमका त्याच वेळी खालच्या मजल्यावरचा माणूस जिना चढून आला, दोघींकडे आणि मांजराकडे पाहिलं आणि आल्या पावली खाली गेला.

घरी आली तर सासूबाई खिडकीपाशी विणत बसलेल्या. सासूबाईंना सहा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. सांगायचं असेल ते कानाशी जाऊन ओरडावं लागायचं, आणि ऐकू जायला नको असेल ते त्यांच्यासमोर खुशाल बोलता यायचं. तोफेने या दुसऱ्या सोयीचा भरपूर फायदा घेतला होता.

“आज उशीर झाला?” सासूबाईंनी विचारलं.

तिचं मन अजून मांजरापाशीच होतं. सवयीने ती त्यांच्याकडे बघत मोजायला लागली. एक… दोन… तीन… सासूबाईंच्या सुया थांबल्या. पाच… सहा… त्यांनी लोकरीचा गुंडा बाजूला ठेवला.

“कळलं वाटतं तुला,” त्या म्हणाल्या.

सात…

“येतं मला ऐकू.”

“किती?” हे मात्र न मोजताच तोंडातून निघालं.

“सगळं. तुझं तर जरा जास्तच.”

ती मटकन खाली बसली. सहा वर्षं! बहिणीशी फोनवर ती काय काय बोलली होती! याच खोलीत, याच खुर्चीशेजारी उभी राहून! विणकामाबद्दल, घोरण्याबद्दल, दर पाहुण्याला सांगितल्या जाणाऱ्या त्या एकाच आगगाडीच्या प्रवासाबद्दल!

“आई, पण का?”

“अगं, एकदा तू मला काहीतरी विचारलंस. मी उत्तराचा विचार करत होते, तेवढ्यात तू तीनदा विचारलंस. मी घाबरून कानाला हात लावला. तू म्हणालीस, ‘ऐकू येत नाही वाटतं,’ आणि गेलीस. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग तेच चालू ठेवलं.”

“आणि मी जे जे बोलले ते?”

“आगगाडीचं ना? ते तू फार छान सांगतेस. माझी नक्कल करतेस तेव्हा हसू दाबताना माझ्या बरगड्या दुखतात.”

तिने कपाळाला हात लावला. आजवर जग किती सुखाचं होतं! कुंडी मांजराने फोडलेली, खुर्ची दुरुस्तीला गेलेली, सासूबाई बहिऱ्या. आणि आता? डोकं आधी ठणकायचं. आता आत कुणीतरी कपाट जोडत बसल्यासारखे ठोके पडत होते. हे पथ्य उद्यापासून बंद, असं तिने ठरवूनच टाकलं.

पण त्याच संध्याकाळी नवरा तिच्यासमोर येऊन बसला. तो रोज एकेक गोष्ट कबूल करत होता. काल त्याने सांगितलं होतं, की तिने विणलेला पिवळा स्वेटर त्याला टोचतो. आज सकाळी म्हणाला, की त्याला तिच्या भावाची भीती वाटते. आता त्याने घसा खाकरला.

“मला तुला एक सांगायचंय.”

तिने मोजायला घेतलं. पाचला त्याने तोंड उघडलं. सातला मिटलं.

“काही नाही. राहू दे,” तो म्हणाला आणि वर्तमानपत्राच्या घड्या घालायला लागला.

ती मोजतच राहिली. दहा झाले, पन्नास झाले, एकशेवीस झाले. तो बोलला नाही. सगळं जग पाचव्या-सहाव्या आकड्याला ढासळत होतं, आणि हा एवढासा माणूस एकशेविसाला टिकला! म्हणजे गोष्ट तशीच मोठी असणार.

तो उठून गेल्यावर सासूबाईंनी तिला हाताने जवळ बोलावलं.

“तो दर गुरुवारी संध्याकाळी आपल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जातो,” त्या हळूच म्हणाल्या. “फोनवर बोलताना ऐकलं मी. दोन महिने झाले. ‘हृदय’ म्हणाला.”

“आई! आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?”

“कशी सांगणार? मला ऐकू येत नव्हतं ना!”

तिने उठून त्याला विचारायचं ठरवलं, दारापर्यंत गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारताच परत फिरली. विचारलं आणि त्याने खरंच सांगितलं तर?

दुसरा दिवस गुरुवार होता. पाचच्या ठोक्याला ती दोन्ही फोन वाजते ठेवून ऑफिसातून निघाली. रस्ताभर तिला एकेक आठवत होतं. जिना चढताना तो मध्येच थांबायचा आणि छातीवर हात ठेवायचा. विचारलं तर म्हणायचा, “पेन बघतोय खिशात.” ती म्हणायची, “घ्या, हरवलंत ना आणखी एक!” पेन कुठलं बघणार होता तो! आणि आपल्याला ते दिसलं कसं नाही? दिसलं असतं, पण त्यासाठी मध्ये एक क्षण तरी गप्प राहायला हवं होतं. शेवटचं वळण ती अक्षरशः धावली.

दवाखान्यात आठ-दहा माणसं बसली होती. टेबलापलीकडच्या मुलीने मान वर न करता विचारलं, “नंबर लावलाय का?”

“माझा नवरा आत आहे!”

बस्स! चार दिवस कोंडलेली तोफ सुटली. काचा थरथरल्या. कोपऱ्यात एकजण खोकत होता, त्याचा खोकला थांबला तो थांबलाच. नंबर सोडून तो नंतर घरी निघून गेला म्हणे. आतलं दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “या. तुमचंच बोलणं चाललं होतं.”

आत नवरा खुर्चीच्या काठावर बसला होता. तिला पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. ती शेजारच्या खुर्चीत बसली.

“बोला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिने आवाज फुटेल या भीतीने ओठ घट्ट मिटले आणि मोजायला लागली. नवरा शब्द गोळा करत होता. डॉक्टरीणबाई धंद्याच्या सवयीने वाट बघत होत्या. पंखा फिरत होता. कुणीच काही बोलेना. इतका वेळ कुणी बोलेना, की बाहेरच्या मुलीला वाटलं सगळे मागच्या दाराने गेले. तिने दारातून हात आत घातला, दिवा आणि पंखा बंद केला आणि दार ओढून घेतलं!

अंधारात नवऱ्याचा आवाज आला, “हे काय, वीज गेली?”

“अहो!” ती ओरडली. “विजेचं काय घेऊन बसलात! तुम्हाला काय झालंय ते सांगा! हृदयाचं किती दिवस लपवताय?”

डॉक्टरीणबाईंनी उठून दिवा लावला. “सांगता का तुम्ही?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“तुम्हीच सांगा,” तो म्हणाला. “आजची एक गोष्ट माझी सांगून झालीये.”

“ह्यांना काहीही झालेलं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “धडधड व्हायची म्हणून आले होते. सगळ्या तपासण्या केल्या. हृदय घोड्यासारखं आहे. पण हे सगळं पोटात ठेवतात. कुंडी फुटली, पोटात. स्वेटर टोचतो, पोटात. शेवटी मी यांना पथ्य दिलं, की रोज बायकोला एक खरी गोष्ट सांगायची. छोटी चालेल. दोन महिने धीरच होत नव्हता. गेल्या आठवड्यात तुम्ही आलात, आणि या आठवड्यात यांनी सुरुवात केली.”

काहीही झालेलं नाही! तिने ते शब्द दोनदा मनात म्हणून पाहिले. मग टेबलाची कड धरली. छातीवरचं जडशीळ कपाट कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं.

“म्हणजे… तुम्ही कुंडीचं कबूल केलंत ते माझ्या गप्प बसण्याने नव्हे?”

“तुझ्या गप्प बसण्याने?” नवरा म्हणाला. “अगं, तू गप्प बसल्यावर तर मी विसरूनच जायचो काय सांगायचं ते! मला वाटलं, डॉक्टरांनीच तुला सांगितलं असेल, ह्यांना मध्ये तोडू नका म्हणून.”

“मग काल काय सांगणार होता? एकशेवीस मोजले मी!”

तो खाली बघत म्हणाला, “हेच. घरात आवाज नाही म्हणून मला परत धडधडायला लागलंय. बावीस वर्षं मी संध्याकाळी जिन्यात थांबून ऐकतो. तू कुणावर तरी ओरडत असलीस की समजतो, सगळं ठीक आहे. या आठवड्यात काही ऐकूच येईना. मला वाटलं, तुलाच काहीतरी झालंय आणि तू लपवतेयस.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. रडत होत्या की हसत होत्या ते कळलं नाही. मग त्यांनी तिच्या कागदावरचा दहाचा आकडा खोडला आणि तीन केला. “घरात तेवढे पुरेत,” त्या म्हणाल्या.

दोघं बाहेर पडले तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते. तिने तीन मोजले. मग बोलायला लागली, आणि जी सुटली ती सुटलीच! काडी, आरसा, सुतार, साहेबांची पाठ, आजोबांनी फोडलेलं कपाट, मांजराची जांभई, आईंचे कान! मध्येच हसत होती, मध्येच पदराने डोळे टिपत होती. नवरा बाजूने चालत होता. त्याने एकदाही छातीवर हात नेला नाही. एका कोपऱ्यावर तो म्हणाला, “अगं…” ती म्हणाली, “थांबा हो, पुढचं तर ऐका!” जरा वेळाने त्याने पुन्हा तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “सांगू दे ना मला पुरतं! चार दिवसांचं साठलंय!”

शेवटी एकदाचा तिला दम लागला. तिने थांबून श्वास घेतला आणि विचारलं, “हं, काय म्हणत होता मघाशी?”

“आपलं घर गेलं.”

“गेलं? कुठे गेलं?”

“मागे,” नवरा म्हणाला. “तीन चौक झाले. तू बोलत होतीस ना, छान वाटत होतं. मग म्हटलं, जाऊ दे.”